आईला वाक्य नाही

“मधली खुर्ची रिकामीच राहू दे,” से-रिन म्हणाली. प्रेक्षक जिना उतरून आत यायला लागले होते आणि प्यो साहेब शेवटचा हट्ट करून पाहत होते.

“अगं, नाटक आईचं, आणि आईलाच वाक्य नाही? आई आणि गप्प? अख्ख्या कोरियात अशी एक आई दाखव मला.”

प्यो ग्वांग-हो हे नाटक मंडळीचे प्रमुख. देहाकनो या नाटकवाल्यांच्या वस्तीतलं हे तळघरातलं चिमुकलं थिएटर त्यांनी कसंबसं तगवलं होतं. नवं नाटक उभं करण्याआधी प्रेक्षकांसमोर त्याचं वाचन करायचं, ही त्यांची रीत. वाचन रंगलं तर नाटक शरदात रंगमंचावर. नाही रंगलं तर लेखकाला गरम सूप-भात खाऊ घालायचा आणि घरी पाठवायचं. गोड बोलून, पण पाठवायचंच.

से-रिनचं हे पहिलंच नाटक. सकाळपासून तिच्या पोटात घासभर अन्न गेलं नव्हतं, आणि भूकही लागली नव्हती.

“शेवटचा प्रवेश पडला तर?” प्यो साहेबांनी विचारलं.

“तर आईला भाषण लिहून देते. तुम्ही म्हणाल तेवढं लांब.”

“मग लाग तयारीला,” ते म्हणाले आणि तिच्या शेजारी येऊन बसले.

नट आपापल्या खुर्च्यांवर बसले. आईला वाक्य नाही, म्हणून आईच्या खुर्चीत कुणी नाही. आई काय करते ते फक्त कंसातल्या सूचनांमध्ये होतं, आणि त्या सूचना वाचायला कडेच्या छोट्या टेबलाशी ओक-सुन बाई बसल्या होत्या.

बाई सत्तरीच्या. एके काळी त्यांच्या नावावर रांगा लागायच्या. मग एकदा भर प्रयोगात त्यांचं वाक्य हरवलं. त्याच्या पुढचंही हरवलं. त्याच्याही पुढचं. शेवटी दिवे घालवावे लागले. त्यानंतर त्यांनी एकही भूमिका घेतली नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, “वाचायला सांगा बाबांनो, हातात कागद असला की मी शहाणी असते.”

वाचन सुरू झालं आणि पहिल्याच पानावर हशा पिकला. से-रिन चमकली. तिथे हसतील असं तिला वाटलंच नव्हतं. पुढे तर लोक एकेक वाक्य अलगद झेलायला लागले. तिला जागेवर बसवेना. आपण लिहिलेलं माणसांच्या तोंडून माणसांपर्यंत पोचतंय, यासारखं सुख नाही. प्यो साहेबसुद्धा मांडीवर बोटं नाचवत होते.

शेवटचा प्रवेश आला. घर सोडून गेलेला मुलगा कित्येक वर्षांनी परत येतो आणि आई त्याला जेवायला वाढते. एवढंच.

“आई भात वाढते,” ओक-सुन बाई वाचत होत्या. “आई सूप पुढे सरकवते. आई...”

आवाज थांबला.

कागद हातात होता. नजर कागदावर नव्हती.

“हरवल्या,” प्यो साहेब पुटपुटले. पुढची ओळ हळूच सांगायला ते उठू लागले, तशी से-रिननं त्यांची बाही धरली.

“बसा.”

“अगं, पण त्या...”

“बसा म्हणते ना.”

तिला टेबलाखालचं दिसत होतं. बाई हळूच बूट काढत होत्या. स्वतःच्या घरात कोण बूट घालून वावरतं?

बाई अनवाणी उठल्या आणि रिकाम्या खुर्चीत जाऊन बसल्या. समोर ताट नव्हतं, मासा नव्हता. त्यांनी माशाचे काटे काढायला घेतले. एकेक काटा, सावकाश, जन्मभर हेच केल्यासारखं. मग माशाचा तुकडा त्यांनी मुलाच्या चमच्यातल्या भातावर ठेवला. मुलाचं काम करणाऱ्या दो-हाननं संहिता कधीच खाली ठेवली होती. नसलेला चमचा त्यानं पुढे धरला.

“आजी, एक काटा राहिला,” दुसऱ्या रांगेतला एक माणूस कुजबुजला.

कुणीही हसलं नाही. बाईंनी वाकून पाहिलं, तो काटा काढला आणि कडेला ठेवला. से-रिनला रडू फुटलं आणि ते तिनं आवरलं नाही.

टाळ्या थांबेनात. प्यो साहेब चष्मा पुसत म्हणाले, “शरदात करतोय आपण हे. आणि आईच्या तोंडी एक अक्षर जरी घातलंस ना, तर माझ्याशी गाठ आहे.”

मग ते बाईंजवळ गेले. “बाई, जीव घेतलात माझा. मला वाटलं, पुन्हा विसरलात.”

ओक-सुन बाईंनी वाकून बूट चढवले. हातातला कागद त्यांनी टेबलावरच राहू दिला.

“पाठ होतं रे, ग्वांग-हो,” त्या म्हणाल्या. “तालमी कधीपासून?”