थेंबसुद्धा सांडत नाही

लेनच्या बापाची जुनी गाडी रात्रीतून पाणी प्यायची. इंजिन थंड ठेवणारं कुलंट महाग, म्हणून लेन तिच्यात पत्र्यावरून साठवलेलं पावसाचं पाणीच ओतायचा. गाडीतल्या पाण्याच्या टाकीवर त्याने पेनने रेघ मारून ठेवली होती. सकाळी बघावं तर पाणी रेघेच्या बोटभर खाली. गाडीखालची फरशी मात्र कोरडी ठणठणीत, आणि तिच्यावर त्यांचा कुत्रा डस्टी गारव्याला पसरलेला.

"खाली थेंब सांडत नाही ना? मग पाणी इंजिनाच्या पोटात जातंय," मेकॅनिक मर्व्ह म्हणाला. "इंजिन खोलायचं तर खर्च गाडीच्या किमतीच्या वर जाईल. सोड आता तिला."

"बापाची आहे रे."

"बाप तरी कुठे राहिला?"

घरी बायको डोरीन वैतागलेलीच होती. "गाडीच्या नाडीवरचा हात काढ आणि जरा कुत्र्याकडे बघ. एवढा उन्हाळा पेटलाय, आणि हा महिनाभर भांड्यातल्या पाण्याला तोंड लावत नाही."

"तोही म्हातारा झालाय," लेन म्हणाला.

शनिवारी ब्रोकन हिल गावाहून भंगारवाला आला आणि गाडी ट्रकवर चढवून घेऊन गेला. धूळ खाली बसेपर्यंत लेन टोपी हातात धरून फाटकात उभा राहिला.



मागे डस्टी रिकाम्या फरशीवर गेला, इंजिन असायचं तिथे दोनदा जीभ फिरवली, लेनकडे एकदा पाहिलं आणि नाइलाजाने भांड्याकडे वळला.