भर दुपारचा दिवा

शटर अर्धं वर गेलं आणि वार्निशचा वास अंगावर आला. वसुंधरा तशीच वाकून उभी राहिली. क्षणभर तिला वाटलं, बाबा आतच आहेत. मान खाली घालून एखाद्या मोटरमध्ये तांब्याची तार भरताहेत.

आत कोणी नव्हतं. बाबांचे दिवस होऊन आठवडाही झाला नव्हता. आज संध्याकाळी ज्यांचं देणं होतं ती सगळी मंडळी दुकानात येणार होती, आणि वासण्याचं राहतं घर विकते म्हणून ती त्यांना सांगणार होती. आईने न विचारताच भांडी जुन्या लुगड्यांत बांधायला घेतली होती.

बाबांचं, म्हणजे भास्कररावांचं, रिवाइंडिंगचं दुकान नंदेसरीच्या कारखान्यांवर चालायचं. जळलेल्या मोटरी तिकडून यायच्या, दुरुस्त होऊन परत जायच्या. मग त्यांतला सर्वांत मोठा कारखाना बंद पडला आणि त्याच्याकडची बिलं बुडाली. उधारीवर आणलेल्या तारेचे पैसे मात्र उभेच राहिले. बाबांचे मावसभाऊ उदयसिंहराव वकील. त्यांनी समोर बसवून समजावलं होतं, "कोर्टात नादारीचा अर्ज कर. आहे ते कोर्ट वाटून देईल, तू मोकळा होशील. नाहीतर सगळ्यांना बोलावून कमी रकमेवर तडजोड कर. नाहीतर घर विक. पण काहीतरी कर, भास्कर."

"कोर्टात नाव पुकारून घेणार नाही," बाबा म्हणाले होते. "बाजारात बसलो, बाजारातच काय ते करीन."

आणि त्यांनी काहीच केलं नाही. निदान घरात सगळे असंच म्हणत. वसुलीची माणसं वासण्याला येऊन ओट्यावर बसू लागली. आई त्यांना पाणी द्यायची आणि आत येऊन दार लोटून घ्यायची. चैत्रात एका सकाळी बाबा खुर्चीतच गेले.

वसुंधरेने तारेच्या रिळांमागे हात घातला. पितळी निरांजन तिथंच होतं. वातीचं टोक काळं, चिमटीत दाबल्यासारखं चपटं.

गेल्या श्रावणातली ती दुपार तिला लख्ख आठवली. ती डबा घेऊन आली, तर दुकानाच्या मधोमध हे निरांजन जळत होतं. बाबांची बसायची गादी जमिनीवर पालथी पडली होती आणि बाबा भिंतीला टेकून उभे होते. "वार्निश उघडं, थिनर उघडं, आणि दिवा कसला लावताय बाबा? दुकान पेटवायचंय का?" तिने बोटं ओली करून वात विझवली, गादी सरळ केली, झटकली आणि तिच्यावर डबा ठेवला. बाबांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले, आणि जेवायला बसले.

त्यानंतर एक चमत्कारिक सवय त्यांना लागली. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावताना ती घरात असली, की ते काडी हातात धरून थांबत आणि मागे वळून तिच्याकडे बघत. ती मान हलवायची. मगच काडी ओढायचे. वय झालं, ती मनाशी म्हणायची.

"आवी गई, दीकरी? आलीस?"

शेजारचे रसिकभाई पायरीवर उभे होते. तांब्याची तार त्यांच्याकडूनच यायची. सगळ्यांत जास्त देणंही त्यांचंच.

"घर विकते, काका. सगळ्यांचे फिटतील."

"घर?" रसिकभाई मट्‌कन पायरीवर बसले. "अगं, घराचं नाव कोणी काढायलाच नको होतं. भास्कररावांनी दिवा लावला होता ना! मी डोळ्यांनी पाहिला. भर दुपारी, गादी उलटी."

"म्हणजे काय?"

"म्हणजे हात वर. आमच्या जुन्या पेढ्यांची रीत आहे. धंदा बुडाला, की वेपारी भर दुपारी दिवा लावतो, गादी पालथी घालतो. मग दुकानात असेल ते आम्ही वाटून घ्यायचं, बाकीचं सोडायचं आणि त्याच्या घराच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. आता पोरं हसतात. पण ज्यांचं देणं आहे ते सगळे आम्ही जुने म्हातारे, आम्ही मानतो. मीच सांगितलं होतं त्यांना. म्हटलं, कोर्टाची लाज वाटते ना, मग हे करा." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी दुसऱ्यांना बोलावून आणलं, तर दिवा विझलेला. गादी सरळ. वर डबा, आणि भास्करराव जेवताहेत. आम्ही समजलो, विचार फिरला. पैसे असतील. मग माणसं पाठवायला लागलो."

रस्त्यावरून एक स्कूटर गेली. वसुंधरेने निरांजनातली चपटी वात चाचपली.

"मी विझवला, काका."

रसिकभाईंनी तिच्याकडे पाहिलं. "ते काही बोलले नाहीत?"

"नाही."

"कसं बोलणार," ते हळूच म्हणाले. "मुलगी डबा घेऊन आलेली."

तिने निरांजन पदराने पुसलं. "आता लावला तर चालेल?"

"मुलगी आहेस त्यांची. चालेल. ते लोक यायच्या आत लाव."

तिने आधी वार्निशचे डबे एकेक करून बाहेर पायरीवर नेऊन ठेवले. मग थिनरचा कॅन. त्या दिवशीही एवढंच पुरलं असतं. मग गादी ओढून जमिनीवर पालथी घातली. बाहेर ऊन रणरणत होतं. तिने निरांजन मधोमध ठेवलं, तेल घातलं, काडी हातात घेतली, आणि ओढायच्या आधी मागे वळून पाहिलं.

विझवायला आता कोणी नव्हतं.