लंडनचं सर्टिफिकेट

लग्नात मी सुमतीची भार्गवी झाले, त्याला वीस वर्षं झाली. आधार, बँक, माझ्या शेंगा चटणीची वेबसाइट, सगळीकडे भार्गवीच. सुमी म्हणणारा आता माझा भाऊ तेवढा उरलाय, वेणूदादा.

वेबसाइट त्यानंच काढून दिलेली. गेल्या महिन्यात लंडनहून मेल आला, की या वेबसाइटचं नाव आम्ही सहा लाखांना घेतो, फक्त आमच्या दलालाकडून किमतीचं सर्टिफिकेट काढा, फी बावीस हजार. मी दादाला विचारलं.

"भरून टाक की सुमे. असं गिऱ्हाईक परत येतंय व्हय?"

भिशीचे पैसे भरले. सर्टिफिकेट आलं, त्यातला सहा लाखांचा आकडा मी दहादा बघितला. गिऱ्हाईक मात्र गायब झालं.

"जाऊ दे," दादा म्हणाला. "लई लांबची माणसं ती, पोलीस काय करणार?"

तरी आज त्याला न सांगता सोलापूरच्या सायबर पोलिसांकडे गेले. तिथल्या मॅडमनी माझं आधार कार्ड आणि सर्टिफिकेट शेजारी शेजारी ठेवलं.



"तुम्ही भार्गवी ना? मग लंडनवाल्यांनी इथं सुमती का लिहिलंय?"