कप्तान आला का

विष्णुपंत सदर बाजारातल्या टॉकीजमधून पायीच आले. दाराशी चपला काढल्या आणि मफलर न सोडताच खुर्चीत बसले. त्यांची सून विनता खाली चटईवर मटार सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"आला का?" तिने विचारलं.

"आला," विष्णुपंत म्हणाले.

कोण, हे त्या दोघांना एकमेकांना सांगायची गरज नव्हती. वाचणाऱ्याला सांगायला हवं. आला तो कप्तान. आकाशयानाच्या इंग्रजी सिनेमातला. या सिनेमाचे तीन भाग विष्णुपंतांनी आपल्या मुलासोबत, बंडूसोबत, सदरच्या टॉकीजमध्ये पाहिले होते. तिसऱ्याच्या शेवटी यानाबाहेर लटकलेल्या कप्तानाचा दोर तुटला आणि तो लांब लांब जात ठिपका होऊन गेला. त्याला चार वर्षं झाली. मधल्या काळात बंडू फौजेत गेला, त्याचं विनताशी लग्न झालं, लढाई पेटली आणि थांबलीसुद्धा. थांबून दहा दिवस झाले होते. शेजारच्या क्वार्टरांतल्या, फौजेत गेलेल्या पोरांची पत्रं येऊन गेली. बंडूचं शेवटचं पत्र नोव्हेंबरातलं. त्यात तळाशी लिहिलं होतं, की चौथा भाग लागला तर अण्णांनी, म्हणजे विष्णुपंतांनी, बघावा आणि कप्तान वाचतो का ते ताबडतोब कळवावं.

विष्णुपंत शकुन-अपशकुनाला हसणारे. तोफांच्या कारखान्यात लेथवर तीस वर्षं काढलेल्या माणसाचा भरवसा मायक्रोमीटरच्या मापावर असतो. पण आज सकाळी घरातून निघताना, कप्तान मेलेला निघाला तर, असं मनात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. विनताला या सिनेमांचं कधी कौतुक नव्हतं. बाप आणि लेक दोघेही सारखेच पोरकट, असं ती माहेरी सांगायची. आज मात्र तिनेच उठून पाणी तापवलं, स्वेटर काढून दिला आणि जा म्हणून मागे लागली. मनात काय धरलंय ते दोघांपैकी कोणी बोललं नाही.

"चलो, बरं झालं," विनता म्हणाली. थांबलेले हात पुन्हा चालू लागले.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण विष्णुपंत फार थकले होते. तीन महिने बारा-बारा तासांची पाळी आणि रविवारीसुद्धा ओव्हरटाइम. आज पहिल्यांदा सुट्टी मिळाली होती. सिनेमात यानाचा भोंगा वाजला तेव्हा कारखान्याचाच भोंगा समजून अर्ध्या टॉकीजने दचकून खुर्चीखाली जेवणाचा डबा चाचपला होता. विष्णुपंतांनीही चाचपला होता. थकलेल्या माणसाच्या जिभेला हाड नसतं.

आपल्याला नाही पटलं, असं ते सांगू लागले. कप्तानाच्या पाठीवरच्या नळकांड्यात दोन तासांची हवा. आणि हा इतक्या दिवसांनी यानाच्या दाराशी येऊन उभा, तोही दाढी केलेला. आतले लोक दार उघडेनात. आतूनच त्याला विचारत राहिले, आणि हा बाहेरून सांगत राहिला, चांगली दहा मिनिटं. सगळं इंग्रजीत. असं काही आलं की बंडू कानाशी वाकून मराठीत सांगायचा. आज बंडूच्या खुर्चीत कोणी एक जाडा गृहस्थ शेंगदाणे खात बसला होता. शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. आपण नाही वाजवल्या.

"आपल्याला काय येडं समजते का हे लोक?" विष्णुपंत म्हणाले. "असं कोणी येते का वापस? इतके दिवस झाल्यावर?"

बोलून गेल्यावर त्यांना ते ऐकू आलं.

विनताच्या हातातली शेंग तशीच राहिली. विष्णुपंतांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. ते घाईने सावरू लागले. आपलं इंग्रजी ते काय, त्या दहा मिनिटांत त्याने सगळं नीट सांगितलंच असेल, उगाच का लोक टाळ्या वाजवतात. बंडू असता तर त्याला बरोबर समजलं असतं. हे शेवटचं वाक्य तर मुळीच बोलायला नको होतं. मग ते मफलर सोडू लागले. गाठ सुटेना.

विनताने मटारची परात बाजूला सरकवली. ती रडेल असं त्यांना वाटलं, पण ती रडली नाही. महिनाभर दर दुपारी पोस्टमनची वाट पाहून तिचा चेहरा आटून गेला होता.

"मामाजी," ती म्हणाली, "दार उघडलं ना पण त्यांनी?"

विष्णुपंतांना आठवावं लागलं. "उघडलं. शेवटी उघडलं."

"मग एवढा वेळ काहून लावला?"

विष्णुपंत पुन्हा मफलरची गाठ ओढू लागले.

"आपण नाही हं असं करायचं," विनता म्हणाली. "हे आले की आधी आत घ्यायचं. कुठं होते, कसे आले, काहीच नाही विचारायचं."