सगळ्यांत शेवटी

शववाहिनीचा ड्रायव्हर घाईत होता. बाबांना आधी आत ठेवायचं, मग माणसांनी बसायचं, अशी त्याची पद्धत. पण बाबांच्या तुकडीतले एक म्हातारे सैनिक दारातच आडवे उभे राहिले.

"मेजरसाहेब आधी चढणार नाहीत. शेवटचा जवान चढल्याशिवाय त्यांनी कधी गाडीत पाय ठेवला नाही."

"अहो काका, पण ते आता..."

"ठाऊक आहे मला. तू बाजूला हो."

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. बाबांच्या या सवयीवर ती आयुष्यभर करवादली होती. कुठेही निघालो की आम्ही गाडीत घामाघूम, आणि बाबा खाली उभे राहून माणसं मोजताहेत, जावयासकट.

आई आत चढून बाकावर बसली. तिच्यामागून भाऊ, मी आणि शेवटी गुडघा दाबत काका. खाली स्ट्रेचरवर बाबा तेवढे उरले.

आईने आमच्यावरून एकदा नजर फिरवली. मग नेहमीच्याच वैतागलेल्या आवाजात बाहेर हाक मारली,

"अहो, बसले सगळे. या आता."