शेजारचा खोकला

शेजारच्या दाराची बेल तिने जरा जोरातच दाबली. एका हातात खोकल्याच्या औषधाची बाटली, दुसरा कमरेवर. आज सोक्षमोक्ष लावायचाच होता.

तिचं शिलाई मशीन थांबलं की गॅलरीकडून खोकला ऐकू यायचा. कोरडा, थांबता थांबत नसलेला. "शेजारचे सुरू झाले," नवरा आत येता येता म्हणायचा. रोज सकाळी तो गॅलरीतल्या झाडांना पाणी घालायचा, तेही दार ओढून घेऊन. "त्यांचे जंतू घरात नकोत गं." कॅन्सरच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाने जपायलाच हवं. तिला ते पटलं होतं.

गोळ्या लागू पडल्या होत्या. गाठ निम्मी झाली होती. झाडांचं पाणी आटोपलं की ती क्षणभर डोळे मिटून हात जोडायची आणि मगच गोळी त्याच्या तळहातावर ठेवायची.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हे औषध एखाद्याच्या फुप्फुसांवर उलटतं. कोरडा खोकला आला, दम लागला, तर गोळी बंद करायची आणि लगेच मला कळवायचं." दर खेपेला त्या विचारायच्या. नवरा नुसती मान हलवायचा. बोलायची तीच. "आमच्याकडे कुणी खोकत नाही हो. शेजारच्यांनी मात्र जीव नकोसा केलाय!" डॉक्टरीणबाईसुद्धा हसायच्या.

दार उघडलं. शेजारी पायातले बूटही न काढता उभे होते. मागे बॅगा.

"भावजी, राग मानू नका, पण हे औषध घ्याच. महिनाभर ऐकतेय तुमचा खोकला. घरात आजारी माणूस आहे आमच्या."

"माझा खोकला?" ते बघतच राहिले. "अहो वहिनी, महिनाभर मी लेकीकडे होतो. हे काय, आत्ता कुलूप काढून आत येतोय."

तिच्या पाठीमागे, तिच्याच घरात, काहीतरी धाडकन पडलं.

ती धावली. गॅलरीचं दार ढकललं. पाण्याचा डबा आडवा झाला होता. कुंड्यांना टेकून तो बसला होता, ओठ निळसर, छाती भात्यासारखी हलत होती.

"अहो! कधीपासून हे? मला का नाही सांगितलंत?"

"गाठ विरघळतेय गं," तो एकेक शब्द ओढत म्हणाला. "बाईंना कळवू नकोस. बंद करतील त्या."

आणि त्याने तळहात तिच्यापुढे केला.

"आजची गोळी राहिलीय."