आणखी अर्धा तास

लताबाईंना जाऊन पाच महिने झाले होते, आणि तरी त्या रोज संध्याकाळी मुलीला कॉम्प्युटरवर अर्धा तास वाढवून देत होत्या.

हे शोधून काढलं दिनेशने. रविवारी दुपारी तो द्वारका चौकातल्या आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून धम्मपालच्या घरी कुलूप तपासायला आला होता. कुलूप म्हणजे कॉम्प्युटरमधलं. दोन वर्षांपूर्वी त्यानेच बसवलेलं. पोरीला दिवसाला एक तास. तास भरला की पडदा काळा, आणि त्यावर एकच ओळ : पालकांची परवानगी हवी. मग आईने नाहीतर बापाने आपला पासवर्ड टाकायचा, तेव्हा कुठे गाडी पुढे.

धम्मपालने तीन महिन्यांत सात पासवर्ड बदलले होते. सातवा इतका अवघड, की त्याची चिठ्ठी त्याला स्वतःलाच खिशात घेऊन फिरावं लागे. तरी ऑफिसातून आल्यावर मॉनिटरवर हात ठेवला की तो गरम. त्यातून चैतालीला सातवीच्या चाचणीत गणितात अकरा.

"सर, तुमचा पासवर्ड कुणी फोडलेलाच नाही," दिनेश पडद्यावर बोट फिरवत म्हणाला. "ही बघा कालची नोंद. अकरा नोव्हेंबर दोन हजार सहा. तास संपला पाच अठ्ठावीसला. परवानगी मिळाली पाच एकोणतीसला. देणार, लता." तो हसला. "वहिनी फार लाडावतात पोरीला."

हसतच दिनेशने वळून पाहिलं. धम्मपाल भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या डोक्यावर वहिनींचा फोटो होता. फोटोला हार होता.

दिनेशची नजर परत कीबोर्डवर आली आणि तिथेच थांबली.

"सॉरी सर. मला कुणी बोललंच नाही."

"तिचं पहिल्यापासून हेच," धम्मपाल म्हणाला. "मी नाही म्हटलं की ही हो म्हणणार."

मग दिनेशने उपाय सांगितला. उपाय सोपा होता. पालकांच्या यादीतून वहिनींचं नाव काढायचं. त्यांच्या नावावर मशीनमध्ये जे जे असेल ते पुसलं जाईल, मग पोरगी कितीही हुशार असली तरी वाट बंद. त्याने दोन-तीन ठिकाणी टिचक्या मारल्या. पडद्यावर चौकट आली. लता यांना काढून टाकायचं का? हो. नाही.

"हे मात्र तुम्हीच दाबा, सर," दिनेश म्हणाला. त्याला एकाएकी सायखेड्याचं काम आठवलं. रविवारी भरदुपारी सायखेड्याला याचं काय काम, हे धम्मपालने विचारलं नाही.

दिनेश गेल्यावर धम्मपाल खुर्चीत बसला. जूनमध्ये हॉस्पिटलात लताबाईंसाठी असाच हो की नाहीचा एक कागद त्याच्यापुढे आला होता. तेव्हा त्याने सही केली होती.

"पप्पा, नका काढू ना."

चैताली दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"पासवर्ड कुणी दिला?"

"मम्मीनं."

धम्मपाल खुर्चीतच वळला. "कधी?"

"अ‍ॅडमिट व्हायच्या आदल्या दिवशी. म्हणाली, पप्पांना सांगू नको. आणि अर्ध्या तासाच्या वर घ्यायचं नाही."

त्याने नोंदी वरपासून खालपर्यंत पाहिल्या. पाच महिने. रोज अर्धा तास. एका मिनिटाने जास्त नाही.

"आणि त्या अर्ध्या तासात करतेस काय?"

चैतालीने चौकट बाजूला सारून खेळ उघडला. चेंडू उडवायचा, खाली पडू द्यायचा नाही, एवढाच खेळ. लताबाई दुपारची भांडी आवरून खेळायच्या तोच. सगळ्यात जास्त गुणांची यादी आली. दहा ओळी होत्या. दहाही ओळींत एकच नाव.

"या खालच्या तीन मम्मीच्या," चैताली म्हणाली. "वरच्या सात मी."

गेल्यापासून लताबाईंचे गुण दुप्पट झाले होते.

"मग नाव तिचं कशाला?"

"माझं टाकलं तर मम्मी खाली जाते."

धम्मपालने ती यादी पुन्हा वरपासून वाचली. मग खुर्ची जरा सरकवून त्याने दुसरी ओढून घेतली. "बस. कुठलं बटण दाबायचं?"

"ही दोन. पप्पा, आता! गेला... अहो, चेंडू आल्यावर दाबायचं, गेल्यावर नाही!"

एकदाही यादीत येण्याइतके गुण त्याला मिळाले नाहीत. चैताली हसली. या घरात ती हसते कशी, हे तो विसरला होता.

तेवढ्यात पडदा काळा झाला. पालकांची परवानगी हवी.

धम्मपालचा हात सवयीने खिशातल्या चिठ्ठीकडे गेला, आणि तसाच रिकामा परत आला. चैताली टाकेल तो पासवर्ड आपल्याला दिसू नये म्हणून त्याने शिस्तीत भिंतीकडे तोंड केलं. तिथे फोटो होता.

"विचार तिला," तो म्हणाला. "देते का म्हणावं अर्धा तास."